ज्या-चापाविना : ग्रहलाघव आणि अचूकतेची परीक्षा

मराठी वाङ्मयाचा किंवा इतिहासाचा अभ्यासक गणितापासून चार हात दूर राहतो, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो फारसा खोटाही नाही. पण आपण वर्गात फळ्यावर जे सनावळीचे आकडे लिहितो, त्यांतील बहुतेक आकडे कोणीतरी केव्हातरी गणित करूनच काढलेले असतात, ही गोष्ट आपल्या लक्षात राहत नाही. जुन्या मराठी कागदात इसवी सन नसतो. शक असतो, संवत्सर असतो, तिथी असते, बहुधा वारही असतो. पेशवाईतील पत्रांत मुसलमानी महिन्याचा चंद्र आणि सुहूर सन असतो. त्यावरून इंग्रजी तारीख काढण्याचे काम मोडकांच्या जंत्रीने किंवा स्वामीकन्नू पिल्ले यांच्या कोष्टकांनी केलेले असते आणि अलीकडे ते संगणकावरील एखादी आज्ञावली क्षणार्धात करते. तुकारामांच्या प्रयाणाचे वर्ष शके १५७१ की १५७२, यासारखे वाद आपण चवीने शिकवतो. परंतु ज्या गणिताच्या आधारावर असे वाद लढवले जातात, त्या गणिताची परीक्षा कोणी, कशी घेतली, हा प्रश्न सहसा विचारत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

संगणकशास्त्रात ही एक स्वतंत्र शाखाच झाली आहे. ज्या, कोज्या, लघुगणक यांसारखी फले यंत्र कधीही पूर्णपणे अचूक देऊ शकत नाही; ते एखाद्या आटोपशीर सूत्राने जवळचे उत्तर देते. ते किती जवळचे आहे, हे तपासण्यासाठी तेच फल कितीतरी अधिक अंकांपर्यंत काढून त्याच्याशी ताडून पाहतात. ही सगळी विद्या परदेशातून, अगदी काल-परवा आली, असे वाटणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्रात मात्र या प्रश्नाचा इतिहास पाचशे वर्षांचा आहे आणि त्याच्या केंद्रस्थानी एक ग्रंथ आहे. तो ग्रंथ म्हणजे गणेश दैवज्ञाचा ‘ग्रहलाघव’.

गणेश दैवज्ञ कोकणातील नांदगावचा. त्याचे वडील केशव दैवज्ञ स्वतः मोठे ज्योतिषी. ‘ग्रहकौतुक’ हा त्यांचा करणग्रंथ शके १४१८ चा, म्हणजे १४९६ चा. ‘ग्रहलाघवा’चा आरंभकाल शके १४४२, म्हणजे १५२० हा आहे. सिद्धांतग्रंथ आणि करणग्रंथ यांतील भेद इथे सांगितला पाहिजे. सिद्धांतग्रंथात विश्वाची उपपत्ती असते, युगारंभापासून अब्जावधी दिवसांचे गणित असते. करणग्रंथ हा रोजच्या कामाचा : अलीकडचा एखादा शक आरंभ धरून, थोडक्या आकडेमोडीत ग्रहांची स्थाने काढून देणारा. आजच्या भाषेत बोलायचे तर सिद्धांत म्हणजे तत्त्व आणि करण म्हणजे आज्ञावली.

गणेशाने या आज्ञावलीत दोन गोष्टी केल्या. पहिली, दिवसांची संख्या आटोक्यात आणली. ४०१६ दिवसांचे, म्हणजे सुमारे अकरा वर्षांचे एक चक्र त्याने धरले. अशी किती चक्रे उलटली हे पाहून प्रत्येक चक्रामागे एक ठरावीक ध्रुवक वजा करायचा आणि प्रत्यक्ष गणित फक्त उरलेल्या दिवसांचे करायचे. लाखोंचा गुणाकार त्यामुळे हजारांवर आला. संगणकावरील फलेसुद्धा मोठी संख्या आली की आधी तिच्यातून पूर्ण आवर्तने काढून टाकतात आणि मगच सूत्र चालवतात. उपाय एकच, त्यातला धोकाही एकच : दर आवर्तनामागे वजा होणाऱ्या आकड्यात तिळाएवढी चूक असली, तरी ती आवर्तनागणिक साठत जाते. गणेशाचे ध्रुवक विकलांपर्यंत दिलेले आहेत. म्हणजे नुसत्या अंक तोडण्याने होणारी चूक चक्रामागे जास्तीत जास्त अर्धी विकला. ३६० वर्षांत सुमारे ३३ चक्रे होतात आणि चूक फार तर १७ विकलांपर्यंत पोचते. हा हिशेब आपल्याला कागदावर सहज करून पाहता येतो, आणि तो गणेशाच्या बाजूने लागतो.

दुसरी गोष्ट अधिक धाडसाची. त्याने ज्या आणि चाप यांना ग्रंथातून हद्दपार केले. ज्योतिषाच्या गणितात पावलोपावली ज्येचे कोष्टक लागते. ते पाठ असावे लागते किंवा जवळ बाळगावे लागते, आणि दोन ओळींमधली किंमत त्रैराशिकाने काढावी लागते. गणेशाने त्याऐवजी साध्या गुणाकार-भागाकाराची सूत्रे दिली. रवीचे मंदफल काढण्याची त्याची रीत पाहा. भुजाच्या अंशांना ९ ने भागावे. तो भागाकार २० मधून वजा करावा आणि जे उरेल त्याने त्याच भागाकाराला गुणावे. या गुणाकाराचा नववा हिस्सा ५७ मधून वजा करावा, आणि उरलेल्या संख्येने मूळ गुणाकाराला भागावे. आलेले उत्तर म्हणजे अंशांत मंदफल. भुज ९० अंश असेल तर भागाकार १०, गुणाकार १००, त्याचा नववा हिस्सा ११ पूर्णांक एक नवमांश, आणि उत्तर २ अंश १० कला ४५ विकला. चंद्रासाठी अशीच रीत आहे : ६ ने भागणे, ३० मधून वजा करणे, गुणाकाराचा विसावा हिस्सा ५६ मधून वजा करणे. त्याचे परमफल ५ अंश १ कला ४० विकला येते.

हे सूत्र आकाशातून पडलेले नाही. सातव्या शतकातील पहिल्या भास्कराने (‘लीलावती’कार भास्कराचार्य ते नव्हेत) ज्येसाठी याच घडणीचे सूत्र दिले होते. ते ९ ने भागण्याच्या युक्तीने मांडले, तर छेदात ५०० हा अंक येतो. गणेशाच्या रवीच्या सूत्रात त्याच जागी ५१३ आहे. म्हणजे परंपरेतले सूत्र घेऊन गणेशाने ते आपल्या कामापुरते घासूनपुसून घेतले.

आता या सूत्राची परीक्षा घेऊ. परमफल तेच ठेवून साध्या ज्येने येणारे उत्तर एका बाजूस मांडावे आणि गणेशाचे उत्तर दुसऱ्या बाजूस. रवीसाठी ४५ अंशांवर दोहोंतील फरक एका विकलेहूनही कमी येतो. ३० अंशांवर तो सुमारे १२ विकला आहे, १० अंशांवर सुमारे २०, आणि १५ अंशांच्या जवळपास सर्वांत मोठा, सुमारे २२ विकला. चंद्राच्या सूत्रात सर्वांत मोठा फरक ५० अंशांच्या आसपास सुमारे २८ विकलांचा आहे. एक अंश म्हणजे ३६०० विकला, हे ध्यानात घेतले म्हणजे हा फरक किती सूक्ष्म आहे ते कळेल.

पण परीक्षेचा आकडा नुसता आकडा म्हणून निरर्थक असतो. तो कोणत्या कामासाठी आणि कोणत्या ठिकाणी वापरायचा, हे ठरल्यावरच त्याला अर्थ येतो. तिथी म्हणजे चंद्र-सूर्यांतील अंतराचे बारा-बारा अंशांचे भाग. हे अंतर सरासरीने मिनिटाला साडेतीस विकला वाढते. म्हणून वरील दोन्ही चुका एकाच दिशेने, एकाच वेळी, पूर्णपणे पडल्या तरी तिथीची समाप्ती सुमारे १०० सेकंदांनी, म्हणजे चार पळांनी चुकेल. आता पुण्यासाठी तयार केलेले पंचांग शिरूरला किंवा दौंडला नेऊन वाचा. पुण्याचा रेखांश ७३ अंश ५१ कला, शिरूरचा सुमारे ७४ अंश २२ कला आणि दौंडचा सुमारे ७४ अंश ३५ कला. केवळ या अंतरामुळे शिरूरला सूर्य पुण्याच्या दोन मिनिटे आधी उगवतो आणि दौंडला सुमारे तीन मिनिटे. घटी-पळे सूर्योदयापासून मोजायची असल्याने शिरूरला पाच पळांचा आणि दौंडला सात पळांचा फरक पडतो. म्हणजे ज्या-चाप टाकून गणेशाने जेवढी चूक पत्करली, तिच्याहून मोठी चूक पुण्याचे पंचांग दौंडच्या ओसरीवर उघडून वाचणारा जोशी नकळत पत्करत होता.

हा फरक जुन्या जोशाला ठाऊक होता आणि त्यासाठी देशांतरसंस्कारही होता. पण १८३१ मध्ये गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत पंचांग छापले आणि एका गावाची घटी-पळे गावोगाव जाऊ लागली. मुंबई आणि दौंड यांच्या सूर्योदयात केवळ रेखांशामुळे सात मिनिटांचे, म्हणजे सतरा-अठरा पळांचे अंतर आहे. छपाईने आकडा सर्वांना एक केला. त्याचा अर्थ मात्र गावागणिक वेगळा राहिला. पुढे दौंडला रेल्वे आली, तिची घड्याळे मद्रासच्या वेळेवर चालू लागली आणि एकाच गावात दोन काळ नांदू लागले, ती गोष्ट निराळी.

इथवरची परीक्षा ही गणिताची गणिताशी झाली. सूत्र ज्येशी जुळते. पण ज्येवर उभारलेला सिद्धांत आकाशाशी जुळतो का? आपल्या परंपरेत याला दृक्प्रत्यय म्हणतात, आणि गणेशाचे मोठेपण खरे तर इथे दिसते. सौर, आर्य आणि ब्राह्म हे तीन पक्ष त्याच्यासमोर होते आणि प्रत्येकाचे अभिमानी होते. त्याने कोणाचाही झेंडा खांद्यावर घेतला नाही. रवी आणि चंद्रोच्च सौरपक्षाचे; चंद्रही सौरपक्षाचाच, पण ९ कला कमी करून; गुरू, मंगळ आणि राहू आर्यपक्षाचे; बुधाचे केंद्र ब्राह्मपक्षाचे; शनी आर्यपक्षाचा, पण ५ अंश वाढवून; शुक्राचे केंद्र ब्राह्म आणि आर्य यांच्या मधोमध. ही यादी वाचताना हसू येण्याचा संभव आहे. पण तिच्यामागे वडिलांनी आणि त्याने स्वतः केलेले वेध आहेत. शास्त्राच्या नावावर न जाता प्रत्येक ग्रहासाठी आकाश काय म्हणते ते पाहावे, ही ती भूमिका आहे.

तरीही एक दोष उरलाच, आणि तो सूत्राचा नव्हता. चंद्राचे परमफल ५ अंश १ कला ४० विकला हे अमावास्या-पौर्णिमेस जवळजवळ अचूक ठरते, कारण हे मान ग्रहणांच्या वेधांशी जुळवून आलेले आहे. अष्टमीच्या सुमारास मात्र चंद्राची प्रत्यक्ष गती वेगळी वागते आणि फल साडेसात अंशांपर्यंत जाऊ शकते. दहाव्या शतकात मुंजालाने यासाठी एक संस्कार सांगितला होता. पण रूढ पंचांगांत तो आला नाही. परिणामी अष्टमीच्या आसपास चंद्र अडीच अंशांपर्यंत आणि तिथीचा शेवट पाच तासांपर्यंत चुकू शकतो. एकीकडे सूत्रातील शंभर सेकंद आणि दुसरीकडे तत्त्वातील पाच तास! सूत्र कितीही घासले तरी दुसरी चूक कमी होणार नव्हती. गणिताची गणिताशी घेतलेली परीक्षा पूर्ण गुणांनी उत्तीर्ण होऊनही उत्तर चुकलेले असू शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

एकोणिसाव्या शतकात नेमका याच ठिकाणी वाद पेटला. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये पाश्चात्त्य कोष्टकांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत आणली आणि १८६५ पासून आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने नव्या गणिताचे ‘पटवर्धनी पंचांग’ निघू लागले. आकाशाशी ताडून पाहता त्याची बाजू निर्विवाद होती. तरीही लोकांनी ते सहजासहजी स्वीकारले नाही, आणि याचे कारण केवळ अडाणीपणा नव्हते. धर्मशास्त्रातील व्रतनिर्णय ‘बाणवृद्धी रसक्षय’ या मर्यादेवर उभे होते : तिथी साठ घटींहून फार तर पाच घटी वाढते आणि सहा घटी घटते. नव्या गणिताने ही मर्यादा सात आणि दहा घटींपर्यंत गेली. एकादशी कोणत्या दिवशी, श्राद्ध कोणत्या दिवशी, हे ठरवणारे नियम ज्या जुन्या आकड्यांवर बेतले होते, ते आकडेच सरकले. आजच्या संगणकतज्ज्ञाला ही अडचण चांगली ओळखीची वाटेल : खालचे फल दुरुस्त केले की त्याच्या चुकीसकट बसवलेल्या वरच्या सगळ्या गोष्टी डळमळतात.

छत्रे यांचे शिष्य लोकमान्य टिळक यांनी हा प्रश्न पुढे नेला; १९०४ मध्ये मुंबईत त्यासाठी परिषद भरली. व्यंकटेश बापूजी केतकर यांनी ‘ज्योतिर्गणितम्’ लिहून नवे गणित संस्कृत करणग्रंथाच्या पेहरावात आणले. पण तोवर वादाला आणखी एक फाटा फुटला होता. राशिचक्राचा आरंभ रेवतीच्या ताऱ्यापासून धरावा की चित्रेच्या समोरच्या बिंदूपासून? दोहोंत सुमारे चार अंशांचे अंतर आहे. तिथीवर याचा काहीच परिणाम होत नाही, कारण चंद्र आणि सूर्य यांतील अंतर काढताना आरंभबिंदू आपोआप गळून जातो. पण संक्रांत आणि म्हणून अधिकमास बदलू शकतो. हा प्रश्न दुर्बिणीने सुटणारा नव्हता, कारण तो अचूकतेचा नव्हता, संकेताचा होता. आपल्याकडील पुष्कळ वादांत या दोन गोष्टींची गल्लत झाली आणि अजूनही होते.

या सगळ्या गदारोळात ज्यांचे नाव मराठीच्या अभ्यासकाने आवर्जून लक्षात ठेवावे ते शंकर बाळकृष्ण दीक्षित. पेशाने ते शिक्षक होते. १८५३ मध्ये जन्मलेल्या आणि १८९८ मध्ये अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी वारलेल्या या गृहस्थांनी १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल यांच्यासह त्यांनी इंग्रजीत भारतीय कालगणनेचा कोष्टकग्रंथ काढला. नवे गणित अधिक खरे आहे, हे दीक्षितांना कोणी सांगावे लागत नव्हते. तरीही त्या कोष्टकांचा पाया सूर्यसिद्धांताचा आहे. कारण उघड आहे. शिलालेख कोरणाऱ्याने किंवा पत्र लिहिणाऱ्याने आकाशाकडे पाहून तिथी लिहिली नव्हती, त्याच्या जोशाच्या पंचांगात पाहून लिहिली होती. ते पंचांग जिथे चुकले, तिथे त्याचा कागदही चुकणार.

इथे तिसरी परीक्षा सुरू होते आणि ती आपल्या, म्हणजे कागदाच्या अभ्यासकांच्या कामाची आहे. समजा, वद्य अष्टमीचे एक मोडी पत्र आहे आणि त्यावर वार लिहिला आहे. आधुनिक आज्ञावलीने पाहता त्या दिवशी सूर्योदयाला सप्तमी येते; वार एका दिवसाने जुळत नाही. तेवढ्यावरून पत्र बनावट ठरवणे सोपे आहे. पण तोच दिवस ‘ग्रहलाघवा’ने काढला तर तिथी जुळूही शकते, कारण अष्टमीलाच दोन गणितांत तासांचे अंतर पडते. म्हणजे अस्सल कागद ओळखण्यासाठी कधीकधी खऱ्या गणिताऐवजी चुकीचे, पण त्या काळचे गणित वापरावे लागते. बनावट पत्र करणारा नंतरच्या काळातला असेल, तर आकाशाशी तंतोतंत जुळणारी तिथीच उलट संशयास्पद ठरेल.

याच परिसरातील एक उदाहरण घेऊन पाहू. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. त्यांच्या मृत्यूची तिथी फाल्गुन अमावास्या शके १६१० आणि तारीख ११ मार्च १६८९ अशी आपण शिकवतो. संगणकाला ही तारीख जशीच्या तशी दिली आणि त्याने ती आजच्या ग्रेगोरियन पद्धतीची मानली, तर त्या दिवशी शुक्रवार आणि वद्य चतुर्थी-पंचमीच्या सुमाराची तिथी येते. अमावास्येचा पत्ताच नाही. तिथी खोटी की तारीख? दोन्ही खऱ्या आहेत. इंग्रजी अंमलात १७५२ पर्यंत ज्युलियन पद्धत चालू होती आणि आपली सतराव्या शतकातील तारीख त्याच पद्धतीची आहे. दहा दिवस मिळवले की ग्रेगोरियन २१ मार्च, सोमवार येतो. त्या दिवशी सूर्योदयाला अमावास्या आहे आणि ती दुपारपर्यंत चालते. सीमारेषा इतक्या तासांनी दूर असल्यामुळे, आणि अमावास्येला जुन्या-नव्या गणितातील अंतर थोडे असल्यामुळे, इथे दोन्ही गणितांचा कौल एकच पडतो. टिळकांनी १९१६ मध्ये उजेडात आणलेल्या जेधे शकावलीतील शिवजन्माचा शुक्रवारही १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्युलियन धरली तरच जुळतो. फल अचूक, यंत्र अचूक, आणि तरी उत्तर दहा दिवसांनी चुकलेले, असे होऊ शकते ते असे.

यंत्रसुद्धा नेहमी अचूक असते असे नाही. १९९४ मध्ये इंटेल कंपनीच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये भागाकाराची चूक सापडली. आत कोरलेल्या १०६६ घरांच्या कोष्टकात पाच घरे रिकामी राहिली होती. ती शोधली टॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकाने, आणि तीही एका शुद्ध गणिती कामाचे उत्तर जुळेना म्हणून. पाचशे वर्षांपूर्वीच्या जोशाला भीती होती ती कोष्टकाच्या पाठांतरात एखादी ओळ सुटण्याची. पेंटियमच्या बाबतीत नेमके तेच झाले. फलांच्या शेवटच्या अंकाविषयी तर संगणकगणिताचे मोठे अभ्यासक विल्यम कहान यांनी ‘कोष्टककाराचा पेच’ असा शब्दच रूढ केला : शेवटचा अंक वर न्यावा की खाली, हे ठरवण्यासाठी आणखी किती अंक काढावे लागतील, हे आधी सांगता येत नाही.

आज घरोघरी असणारी पंचांगे आणि दिनदर्शिका दृक्गणिताच्या आहेत. १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनंतर २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिकाही चालू झाली. आकाशापुरता वाद मिटला आहे. कागदापुरता तो मिटलेला नाही. विद्यार्थी आता मोडकांची जंत्री उघडत नाही, भ्रमणध्वनीवर तारीख टाकतो आणि जे दिसेल ते टिपून घेतो. त्याला निदान तीन प्रश्न विचारायला शिकवणे हे आपले काम आहे. हे उत्तर कोणत्या पद्धतीच्या तारखेचे आहे? ते कोणत्या गणिताने आणि कोणत्या गावासाठी काढले आहे? आणि सूर्योदयाच्या वेळी ती तिथी संपण्याच्या बेतात होती की पुष्कळ शिल्लक होती? पहिले दोन प्रश्न चुकले तर तिसऱ्याचे उत्तर कितीही दशांश स्थळांपर्यंत काढून उपयोग नाही.

‘ग्रहलाघवा’च्या अखेरीस गणेश दैवज्ञ एक मजेदार गोष्ट सांगतो. पूर्वीचे थोर आचार्य एखाद्या ठिकाणी ज्या-चापाविना काही करू शकले की गर्वाच्या पर्वतशिखरावर चढून बसत. मी तर सिद्धांतातले सगळेच त्यांच्याविना केले आहे. पण मला त्याचा गर्व नसावा, कारण माझी बुद्धी वाढली ती त्यांच्याच शास्त्रावर. दुसऱ्या एका ग्रंथात तो आपल्याआधीच्या आचार्यांची मालिका सांगतो : प्रत्येकाचे गणित त्याच्या काळी जुळत होते, काळाने त्यात अंतर पडले आणि पुढच्याने ते सुधारले. त्या मालिकेत तो वडिलांना बसवतो, त्यांच्यानंतर स्वतःला बसवतो आणि पुढे अंतर पडेल तेव्हा पुढच्यांनी वेध घेऊन आपलेही गणित सुधारावे, असे सांगून ठेवतो. त्याच्या अनुयायांनी साडेतीनशे वर्षे त्याची सूत्रे जिवापाड सांभाळली. ही एक सूचना मात्र छत्रे-दीक्षितांच्या पिढीपर्यंत वाट पाहत राहिली.